पाणी कसं?

माले, २८ जून

ती. दादास,

नमस्कार लिहीत नाही. इतकी वर्षं तू तो घेतला नाहीस, तेव्हा कागदावर तरी कशाला वाया घालवू? फोनवर माझा नंबर तू बंद करून टाकलास, म्हणून हे पत्र. पोस्टमनला बंद करता येत नाही, एवढंच माझं नशीब.

मी शेखरशी स्वतःच्या मनानं लग्न केलं, त्याचा राग तू गुजरातेत क्रेनवर चढतानाही सोबत नेत असशील. ने बापडा. मी भांडायला लिहीत नाही. माझी बदली आपल्याच कोंडवाडीच्या शाळेत झाल्याचं प्रियंकावहिनीनं सांगितलं असेलच. मी रोज माल्याहून स्कूटरवर येते, आणि तुझी सोनी माझ्या चौथीच्या वर्गात पुढेच बसते. शाळेत मला ‘बाई’ म्हणते, शाळा सुटली की ‘आत्या’. हा नियम तिचा तिनंच केला. डोकं तुझ्यावर गेलंय आणि जीभ माझ्यावर, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते बघ.

परवा इतिहासाचा तास होता. किल्ले, मावळे, खिंडी, सगळं पोरांना तोंडपाठ. सोनी उभी राहिली. “बाई, राजांच्या टायमाला आपली वाडी व्हती का?” म्हटलं, असेल. “मग तिचा इतिहास कुटं हाय?” वेळ मारून न्यायला मी पोरांना घरचा अभ्यास दिला, की आषाढातल्या शेवटच्या मंगळवारी आपली वाडी का उठते ते घरी विचारून या.

तू क्रेनवर बसून विसरला असशील, म्हणून आठवण देते. त्या दिवशी चुली विझवायच्या, गुरं-शेरडं सोडायची आणि सगळ्या वाडीनं ओढा ओलांडून वाघजाईच्या माळावर जायचं. तिथेच रांधायचं, तिथेच जेवायचं. मग पाळी असेल त्या घरच्या पोरानं एकट्यानं वाडीच्या डोक्यावरच्या झऱ्याला जाऊन तांब्या भरून आणायचा. गेणबाआबा देवीपुढे तीनदा विचारणार, “पाणी कसं?” पोरानं तीनदा म्हणायचं, “निवळ.” की चालली वाडी घरी. तांब्यात कुणी डोकावतसुद्धा नाही. मागे नथूच्या पोरानं चढायचा कंटाळा केला आणि माळावरच्या शाळेच्या टाकीतून तांब्या भरला. तेही निवळच ठरलं.

दुसऱ्या दिवशी पोरं उत्तरं घेऊन आली. सगळ्यांचं एकच. “पयल्यापास्नं हाय.” एकाला तर कान पिळून मिळालं.

दादा, आणखी एक, सहजच विचारते. पुण्याच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढायला म्हणून तू उन्हाळ्यात घरामागचा डोंगर कापून घेतलास, तेव्हा मातीत एक जातं सापडलं होतं. ते किती खोल होतं? आठवलं तर वहिनीजवळ बोल. घाई नाही.

तुझी,
गौतमी


माले, ६ जुलै

दादा,

तुझा निरोप पोचला. “तिला म्हणावं, पुस्तकात हाय तेवढं शिकव. इतिहासानं कुणाचं पोट भरत न्हाई.” वहिनीनं हे सांगताना खाली बघितलं. बिचारी मधल्यामध्ये भरडली जाते.

जात्याचं मात्र तू काही बोलला नाहीस. मग मी भैरूला गाठलं. जेसीबी त्याचाच होता ना. तो म्हणाला, “ताई, दोन पुरुष खाली व्हतं. पालथं.” म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं खोल. एवढं बोलून तो तंबाखू मळत बसला. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

गुरुवारी मी वर्ग घेऊन तुझ्या घरामागे गेले. आपल्या लोकांची कमाल आहे. जमिनीच्या पोटातून जातं वर आलं, तर त्याला शेंदूर फासून, वर पत्रा टाकून त्याचा जातोबा केला. स्वयंभू म्हणे! नारळ फुटतात, आई रोज दिवा लावते. जातं स्वयंभू कसं असेल, ते कुणीतरी टाकीचे घाव घालून घडवलंय, एवढं कुणाच्या मनात येत नाही. मीही उन्हाळ्यात तिथे हळद-कुंकू वाहिलंच होतं.

सोनी त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, जातं घरात असतंय न्हवं? मग ह्येचं घर कुटं गेलं?”

मी वर बघितलं. तू कापलेली ती तांबड्या मातीची भिंत, तिच्यात मध्येच काळा राखेचा पट्टा, त्या पट्ट्यात भाजलेली खापरं. चूलच असणार ती. आणि त्या चुलीच्या वर, दादा, अख्खा डोंगर. पोरांसमोर मी काहीतरी बोलून हसले आणि सगळ्यांना शाळेत परत नेलं.

संध्याकाळी आईला विचारलं. आपल्या आईला तू ओळखतोस, रत्नाबाईंच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. “त्याचं नाव काढू नगंस, गौते. बोललं की येतंय.” मी म्हटलं, काय येतंय? ती उठून आत गेली. मी आईला आजवर कशालाच घाबरलेली बघितलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा ती खंबीर होती.

तुझ्या घराचं मागचं दार नीट लागत नाही असं वहिनी म्हणाली. लाकूड फुगलं असेल. बहुतेक तेच असेल.

गौतमी


माले, १३ जुलै

दादा,

तू माझी तक्रार केलीस हे मला कळलं. केंद्रप्रमुख येऊन गेले. भला माणूस आहे. म्हणाले, “मॅडम, पोरांना भेडसावता असं पालकांचं म्हणणं आहे.” मी म्हटलं, आपल्या गावाची माहिती घ्या असं पुस्तकातच लिहिलंय. ते हसले, चहा प्यायले, जाताना म्हणाले, “जरा सांभाळून.” नोकरी जाईल या भीतीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी शूर नाही, तुला माहीत आहे. लहानपणी म्हैस शिंगं हलवायची तरी मी तुझ्यामागे लपायची.

पण शुक्रवारी आई शाळेत आली. आपणहून. उंबऱ्यावर बसली, पोरांकडे पाठ करून. म्हणाली, “मी कुणाला काय सांगत न्हाई. मी ह्या खांबाला सांगतीया.” आणि व्हरांड्यातल्या खांबाकडे तोंड करून बोलायला लागली. तिला हे तिच्या आजेसासूनं असंच सांगितलं होतं, घराच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला. माणसाला सांगितलं तर ते येतं म्हणून.

जसं ऐकलं तसं लिहिते. “जुनी वाडी वरल्या अंगाला व्हती. आषाढात झरा गढूळला. एक पोर म्हनाली, पानी गढूळ हाय. मोठ्यांनी तिला दटावलं, भाताच्या आवणीचे दिस, तुजं काय मधीच. ती रडत शेरडं घिऊन माळावर गेली. मग झरा आटला. भर आषाढात आटला. आन मागनं डोंगर बसला. माळावर जी चार माणसं व्हती तेवढीच ऱ्हायली. त्येंनी नेम घातला, की हितनं पुढं पाण्याचं पोरालाच विचारायचं. पोर निवळ म्हणस्तवर घरी जायाचं न्हाई. आन झरा आटला, तर माळावर बी थांबायचं न्हाई, सडकंकडं पळायचं.”

एवढं बोलून ती उठली आणि खांबाच्या पाया पडून निघून गेली.

कळलं का, दादा? तो विधी नव्हता, पहारा होता. आपण काय केलं? पोरांना बघायला शिकवायचं सोडून उत्तर पाठ करायला शिकवलं. कुणी लबाडीनं केलं असंही नाही. बोललं की येतं या भीतीपायी कारण गेलं आणि नुसता नेम उरला. तू म्हणतोस पोरं घाबरतील. घाबरू देत. घाबरलेलं पोर पळतं तरी. आपल्यासारखं शेंदूर फासत बसत नाही.

आता खरं ते लिहिते, इतके दिवस सहज सहज म्हणून लपवलं. मला फार भीती वाटते. जुन्या वाडीवर बसलेला तो ढिगारा, त्याचा पायथा तू कापलास, आणि त्याला टेकून तुझं घर आहे. दार लाकडामुळे फुगलेलं नाही. चौकट वाकली आहे, मी हात फिरवून बघितलं. मागच्या भिंतीला पडलेल्या चिरेत सोनीची पेन्सिल जाते. मी तहसील कार्यालयात सांगून आले, माणूस पाठवतो म्हणाले, पण घाटात पाऊस असा कोसळतोय की माणूस येणार कसा?

पाऊस संपेपर्यंत आई, वहिनी आणि सोनीला माल्याला आमच्याकडे पाठव. शेखर स्वतः टेम्पो घेऊन येईल, आणि तुला नको असेल तर तोंड न दाखवता जाईल. वहिनी तुझ्या शब्दाशिवाय उंबरा ओलांडणार नाही. एक शब्द बोल. माझ्याशी नको, तिच्याशी बोल.

आणि यंदा तांब्याची पाळी आपल्या घरची आहे. सोनीची.

गौतमी


कोंडवाडी शाळा, मंगळवार, २२ जुलै, दिवेलागण

दादा,

तुझा शब्द आला नाही. हे पत्र तुला उशिरा मिळेल, पण हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय.

आज वाडी उठली. नेहमीसारखीच मजा चालली होती. पावसानं उघडीप दिली होती, नथू कोंबड्या सोलत होता, बायका भाकऱ्या थापत होत्या. दुपारी गेणबाआबांनी सोनीच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाले, “जा बाय. आन काय म्हणायचं?” सगळ्यांनी हसून एका सुरात सांगितलं, “निवळ!”

ती एकटी ओढ्याच्या पलीकडे गेली. तुझ्या घरामागून वर जाणारी पायवाट आहे ना, तिथे तिचा पिवळा रेनकोट दिसायचा आणि झाडीत जायचा. मी माळाच्या कडेला उभी होते. तो रेनकोट दिसेनासा झाला की मी आणखी एक पाऊल ओढ्याकडे टाकायची. तिला मीच हे सगळं शिकवलं होतं. शिकवलं नसतं तर ती गेली असती, पाणी घेऊन आली असती, निवळ म्हणाली असती, आणि आता मी घरी असते.

ती आली. देवीपुढे उभी राहिली.

“पाणी कसं?”

सोनीनं तांब्यात बघितलं. “गढूळ,” ती म्हणाली.

आधी लोक हसले. गेणबाआबा म्हणाले, “नीट सांग बाय. पाणी कसं?” पुन्हा “गढूळ.” वहिनी गर्दीतून पुढे आली आणि तिनं सोनीच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. सोनी रडली नाही. तांब्या मात्र घट्ट धरून ठेवला, सांडू दिला नाही. आबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचाच आवाज चिरकला होता. सोनी म्हणाली, “आबा, मी कशाला सांगू? तुमीच बघा की.”

आबांनी तांब्यात बघितलं. लाल पाणी. गेली कित्येक वर्षं ते हा प्रश्न विचारत आलेत, पण तांब्यात त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

मग एकच गोंधळ. कुणी म्हणे पोरीनं माती कालवली, कुणी म्हणे बाईनं शिकवलं, पावसात पाणी गढूळ व्हायचंच. आईनं मात्र पदर खोचला आणि उभी राहिली. “त्यो झरा कवाच गढूळत न्हाई. आजवर कुणी बघितलाय गढूळ? देवीपुढं पोर बोललीया. मोडायचा आसंल त्येनं नेम मोडावा, म्या मोडणार न्हाई.” नेम मोडायला कुणी तयार होईना. इतिहासाला कुणी विचारत नाही, दादा, पण देवीला भितात. मी आज त्या भीतीचे आभार मानले.

सगळी वाडी शाळेत आणि देवळात मुक्कामाला आहे. चौथीच्या वर्गात शेरडं बांधलीत.

गौतमी


कोंडवाडी शाळा, बुधवार, २३ जुलै

दादा,

आज सकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा “गढूळ”.

काहीच घडलेलं नाही. हे सगळ्यात वाईट आहे. डोंगर जिथल्या तिथे, वर धुकं, आणि माणसं माझ्याकडे अशी बघतात की मीच त्यांना घराबाहेर काढलंय. नथू म्हणाला, “बाई, तुमचा पगार चालू हाय. आमची आवणी पडलीया.” त्याचं खरं आहे. रोपं पिवळी पडताहेत, म्हातारी माणसं खोकताहेत. आणि मी दिवसभर दोन्ही बाजूंनी भितेय. डोंगर आला तर? आणि नाहीच आला तर? नाही आला तर सोनी जन्मभर खोटारडी ठरेल, आणि या वाडीतलं कुठलंच पोर पुन्हा तांब्यात बघणार नाही.

दुपारी वहिनीच्या फोनवर तुझा फोन आला. उंबराच्या झाडाखाली रेंज येते, तिथे सोनीला बोलावून घेतलं. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. सोनीनं दोन-तीनदा “व्हय बाबा” म्हटलं. नंतर माझ्याजवळ आली. शाळा नव्हती, तरी मला ‘बाई’ म्हणाली.

“बाई, बाबा म्हणत्यात उद्या निवळ म्हण. समदी घरी जात्याल. आजीला बी खोकला झालाय. म्हणू का?”

काय सांगू तुला? होय म्हण, हे शब्द माझ्या ओठावर होते. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. नोकरी, नथूची आवणी, वहिनीचे हाल, कदाचित तुझा माझ्यावरचा रागही. आणि नको म्हण असं सांगायचाही मला काय अधिकार? मीही तिला पाठच करून दिलं असतं, फक्त उत्तर वेगळं. मी तिला म्हटलं, “मला माहीत नाही गं.” ती म्हणाली, “मग मी बघती आन ठरवती.”

तू तुझ्या लेकीला असं सांगायला नको होतंस. रागावले नाही, खरंच नाही. घाबरले आहे फक्त. तू इथे असतास आणि सोनीच्या थोबाडीत बसलेली पाहिली असतीस, तर तूही तिला असं सांगितलं नसतंस, असं स्वतःला समजावते.

पाऊस वाढलाय.

गौतमी


वाघजाई फाटा, सडकेवर, गुरुवार, २४ जुलै

दादा,

सगळी जिवंत आहेत. आधी हे वाच. आई, वहिनी, सोनी, गेणबाआबा, सगळी.

सकाळी सोनी रिकामा तांब्या घेऊन आली. आबांनी सवयीनं विचारलं, “पाणी कसं?” ती म्हणाली, “पाणीच न्हाई.” आबांनी तांब्या उपडा केला. थेंब पडला नाही. एवढा पाऊस आणि झरा कोरडा. आई ओरडली, “उठा! सडक! सडक!” कुणी वाद घातला नाही. गुरं सोडून, भांडी टाकून सगळी धावली.

सडकेला पोचलो आणि आवाज आला. आवाजाचं लिहीत नाही. आमच्यासमोर डोंगराची अख्खी कूस खाली आली, ओढा बुजला आणि माती माळावर देवळाच्या पायरीपर्यंत आली. तुझं घर नाही. नथूचं नाही. त्याच्या म्हशी गेल्या. वरची सगळी आळी नाही.

पुढचं नंतर लिहिते.

गौतमी


माले, २ ऑगस्ट

दादा,

सगळी आमच्याकडे आहेत. आईनं शेखरच्या हातचा चहा घेतला, आणि “पाणचट हाय” म्हणाली, म्हणजे स्वीकारलं समज. सरकारी माणसं येऊन गेली, पत्र्याच्या खोल्या मिळतील म्हणतात. वहिनीच्या फोनवर तू रडलास हेही कळलं. रड. आम्ही सगळ्यांनीच रडून घेतलंय.

पण एक गोष्ट मी त्या दिवशीच्या पत्रात लिहिली नाही, आणि वहिनीनं तुला सांगितली नसणार. गुरुवारी सकाळी ती माळावर नव्हती. तू फोनवर तिला म्हणाला होतास ना, की तू तरी घरी जा, एकीला बघून बाकीचे येतील? ती उजाडताच गेली. चूल पेटवली. ओलं झालेलं अंथरूण वाळत घातलं. आम्हाला वाटत होतं ती देवळात आहे.

झऱ्यावरून रिकामा तांब्या घेऊन उतरताना सोनीला आपल्या घरातून धूर दिसला. आत गेली तर आई भाकरी थापतेय. “आई, झरा आटलाय, चल.” वहिनी म्हणाली, “तुजं झालं का पुन्हा? बाबांनी काय सांगितलंय?” सोनीनं हात ओढला. वहिनीनं हिसकून घेतला. मागची भिंत तेव्हा करकरत होती, असं वहिनी आता सांगते. तेव्हा तिला वाटलं, उंदीर असतील.

मग सोनी म्हणाली, “आजी पडली. शुद्धीवर न्हाई. लवकर चल.”

वहिनी पिठाच्या हातानं धावली. ओढा ओलांडून माळावर आली, तर आई टुणटुणीत उभी. वहिनीनं हात उगारला, आणि तेवढ्यात आबांनी तांब्या उपडा केला.

सोनी हे कुणाशी बोलली नव्हती. काल संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ फरशीवर बोटानं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, “आत्या, तीन दीस समदी म्हणत व्हती खोटं बोल, तवा म्या न्हाई बोलले. आन आईला खोटं बोलले. आजी पडली म्हनले. बाबांना सांगू नगं.” मी तिला कुशीत घेतलं. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं माझ्या डोळ्यांतून वाहायला लागलं आणि तीच माझी समजूत घालत बसली.

सांगू नको म्हणाली, तरी मी तुला लिहिलं. न ऐकलेल्या गोष्टीपायी आपली एक वाडी गेली, न सांगितलेल्या गोष्टींपायी आता दुसरी गेली. पुरे झालं.

जातोबाही गेला. पुन्हा मातीखाली, आता आणखी खोल. पोरांची शाळा सध्या आमच्या ओसरीवर भरते. परवा आई आली आणि सवयीनं खांबाकडे तोंड करून बसली. सोनीनं तिला उठवून तिचा पाट फिरवला, आपल्याकडे. आई थोडी बिचकली. मग पोरांच्या तोंडाकडे बघत तिनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मध्ये मध्ये ती डोंगराकडे बघत होती. तिची भीती गेलेली नाही. माझीही नाही. पाऊस वाढला की अजून मी उठून दाराची चौकट चाचपते.

आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. सोनी रोज विचारते, “आत्या, बाबा येनार हायेत का?” नुसतं हो म्हणून टाकणं सोपं आहे, आणि ती खूशही होईल. पण या पोरीला पाठ केलेलं उत्तर आता माझ्यानं देववत नाही. माझा नंबर चालू कर आणि येणार असशील तर येणार, नसशील तर नाही, जे असेल ते तू तिला स्वतः सांग. ती ऐकून घेईल.

तुझी,
गौतमी